हातोडी

आयुष्यातलं पहिलं घर भाड्यानं दिलं, तेव्हापासून दामिनीला चैन नव्हतं. दलालानं बजावलं होतं, भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकू देऊ नका. आठवड्यात तिसऱ्यांदा ती गडचिरोलीला येऊन भिंतींवरून हात फिरवत होती.

"एकबी खिळा नाई ठोकला, बाई," भाडेकरू नंदिनी म्हणाली. बाबासाहेबांचा फोटो तिनं टेबलावर, भिंतीला टेकवून उभा केला होता.

"याले असंच ठेवशील?"

"सोताचं घर झालं का टांगू."

दामिनी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. "हातोडी हाये घरात?"

"नाई बाई, खरंच नाई!" नंदिनी घाबरली.

"मंग चाल, घेऊन येऊ. माह्यावाला फोटो बी चौदा वर्षं दुसऱ्याच्या घरात असाच उभा होता."