हातोड्याचा चेंडू

नव्या कोचने आजही हातोड्याला बाकावर बसवलं. वर स्वतः खाली वाकून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या.

"जेवायला बोलवायचं आणि ताट वाढायचं नाही, असं झालं हे," हातोडा म्हणाला.

"बसा थोडा वेळ. गरज पडली की सांगतो."

बाकी सगळ्यांना हा माणूस अरे-तुरे करायचा, हातोड्याला तेवढं अहो-जाहो. हातोड्याला तो टोमणाच वाटायचा. मारायचं तर सरळ मारावं, वर साखर कशाला पेरायची?

या क्लबची ओळख एकच होती. डावखुऱ्याने कडेवरून चेंडू उंच उचलायचा आणि हातोड्याने गोलसमोर उडी घेऊन तो डोक्याने आत ठोकायचा. त्याच्यावर करंडक आले. हातोडा घरीसुद्धा भिंतीवर चेंडू आपटून डोक्याने परतवत बसे. बायको म्हणायची, "तुम्ही नाही दमलात तरी भिंत दमेल हो."

मग हा नवा कोच आला. चेंडू जमिनीवर ठेवा, छोटे पास द्या, डोक्याने खेळायचं नाही. सरावातही नाही. पोरांनी आधी तोंडं वाकडी केली, दोन सामने हरले, आणि मग गपगुमान शिकले. हातोड्याच्या तोंडचा घास मात्र गेला.

"डावखुरा दिसत नाही," त्याने विचारलं.

"नाही आला."

"आजारी आहे का?"

"होता," कोच म्हणाला आणि मैदानाकडे बघत राहिला.

समोरच्या पायऱ्यांवर सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन. जन्मभर फुटबॉलला नाक मुरडणारी बाई, पण हल्ली एक सामना चुकवत नव्हती. जावयाची फजिती बघायला येत असणार. बायको मात्र बरेच दिवस फिरकली नव्हती. कशावरून रुसली, ते हातोड्याला आठवेना आणि त्याचा जीव तुटत होता.

मध्यंतरानंतर समोरच्या संघाच्या एकाने चेंडू जोरात वर उडवला. तो थेट बाकाकडे येऊ लागला. हातोडा उठला. मान मागे गेली, खांदे ताठ झाले. चेंडू अगदी त्याचाच होता.

कोच धावत मध्ये आला. त्याने हातोड्याला मिठीत धरलं आणि चेंडू स्वतःच्या पाठीवर घेतला.

"माझा होता तो," हातोडा म्हणाला.

"माहितीये मला."

"मग का हिसकावलास? काय वाकडं केलंय मी तुझं?"

कोचने त्याला हळूच खाली बसवलं. "या खेळात एका माणसाचं डोकं कामातून गेलं. रोज बघतो मी त्याला."

"आपल्या क्लबचा?"

"आपल्याच."

हातोड्याचा राग ओसरला. "बिचारा. घरचे बघतात का त्याचं?"

"बघतात," कोच म्हणाला.

शेवटी गोल झाला. चेंडू एका पायातून दुसऱ्या पायात, गवत न सोडता सरकत गेला आणि जाळीत शिरला. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. गोल देखणा होता, हातोड्याला ते कळत होतं आणि म्हणूनच रडू आलं. त्याच्यावाचून कोणाचंच अडलं नव्हतं.

"आता मला काढून टाकणार ना?" त्याने विचारलं.

"तुमची जागा इथेच आहे," कोच म्हणाला. "मी असेपर्यंत कोणी हलवणार नाही."

शिट्टी वाजली. सासूबाई डबा सावरत पायऱ्या उतरून आल्या. काही न विचारता त्यांनी पदराने हातोड्याचे डोळे पुसले आणि कपाळावरून हात फिरवला. हातोड्याला संकोच वाटला. सासू असं करते का कधी?

कोचने त्याला दंडाला धरून उभं केलं.

"आई, बाबांचा हात धर," तो म्हणाला. "पायरीवर तोल जातो त्यांचा."