सर्व्हर पडला नाही

"इंगवले, या बेशुद्ध बाईंना कुठलं औषध चालत नाही ते दिसेना! स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय," आयसीयूतून सिस्टर फोनवर ओरडल्या.

संगणक विभागातल्या इंगवलेंनी घाईने सर्व्हर तपासला. इस्पितळाच्या सर्व्हरची मेमरी भरून सगळं काम डिस्कवरच्या स्वॅपच्या, म्हणजे मेमरी संपल्यावर वापरायच्या संथ जागेतून रखडत चाललं होतं. मेमरीचा इशारा सारखा कोकलतो म्हणून ती जागा त्यांनीच महिन्यापूर्वी चौपट केली होती. "सर्व्हर एकदाही पडला नाही," म्हणत साहेबांनी पाठ थोपटली होती.

शेजारी राखीव सर्व्हर सज्ज होता, पण पहिला पडल्याशिवाय तो काम हाती घेत नसे. आणि वाढवलेल्या जागेमुळे हा मेला पडेना. शेवटी इंगवलेंनी त्याची वायरच उपटली. दुसऱ्यावर लगेच नोंद उघडली.

"सिस्टर, पेनिसिलिन देऊ नका!"

"दिलं हो... मगाशीच."