नववी लेन

सृष्टीची बोट उलटली आणि कॅमेरा पुढे निघून गेला.

सातपूरच्या कॉलनीतल्या सभागृहात क्षणभर कुणाला काहीच कळलं नाही. मोठ्या टीव्हीवर आशियाई स्पर्धेतली कयाकची अंतिम शर्यत चालू होती. महिलांची, पाचशे मीटरची. एकेका बोटीत एकेक मुलगी. नवव्या लेनमधली सृष्टी याच कॉलनीतली, मल्हारी फिटरची पोरगी. अर्ध्या अंतरापर्यंत ती चौथी होती. मग आडव्या वाऱ्याने तिची चिंचोळी बोट डगमगली, वल्हं एकदा नुसतंच हवेत फिरलं आणि बोटीचं पांढरं पोट वर आलं. तेवढंच दिसलं.

"ओढ सृष्टे, ओढ!" मल्हारी अजून ओरडतच होता. मग त्याचा आवाज मध्येच तुटला.

कॅमेऱ्याला पुढच्या तिघींशी काम होतं. त्या तिघी शेवटच्या रेषेकडे निघाल्या होत्या. त्यांचे खांदे दिसत होते, वल्ह्यांवरून उडणारं पाणी दिसत होतं. नवव्या लेनची जागा पडद्याच्या बाहेर गेली होती. पहिली आलेली मुलगी पाण्यावर हात आपटून हसायला लागली. निवेदक तिचं कौतुक करत होता. नंतर टायरची जाहिरात लागली.

"वर आली का ती?" मागे भिंतीला टेकून बसलेल्या नवसाबाईने विचारलं. ती सृष्टीची आई. तिने डोळ्यांवर पदर धरला होता. "मला तेवढंच सांगा. बाकी काय नको."



"वहिनी, पाण्यातली पोरगी आहे ती," शेजारचे खंडेराव म्हणाले. "बाजूलाच सुरक्षेची बोट असते. आली असणार वर." पण बोलताना तेही पडद्याकडेच बघत होते.

मल्हारीने प्रशिक्षकांना फोन लावला. रोहितसर फोन उचलेनात. सृष्टीचा फोन बंद होता. शर्यतीआधी तो बंदच असतो, हे त्याला माहीत होतं, तरी तो लावत राहिला.

"मागे घे रे," तो टीव्हीपाशी बसलेल्या बंटीला म्हणाला. बंटीने चित्र मागे घेतलं. सृष्टी पुन्हा चौथी होती. पुन्हा बोट डगमगली, पुन्हा पांढरं पोट वर आलं, पुन्हा कॅमेरा पुढे गेला. "परत घे." बंटीने परत घेतलं. प्रत्येक वेळी ती पाण्यात जात होती आणि एकदाही वर येत नव्हती. शेवटी बंटीने रिमोट खाली ठेवला. "नको काका," तो म्हणाला.

मल्हारी खुर्चीत बसला. आपण काय करायचं, हे त्याला समजेना. असं बसून राहणं त्याच्या सवयीचं नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्याने कंपनीत दुसरी पाळीच मागून घेतली होती, कारण सकाळ सृष्टीची होती. गंगापूर धरणात ती वल्हं मारायची आणि काठच्या कच्च्या रस्त्याने हा मोटारसायकलवरून तिच्या बरोबरीने जायचा. मान वर. खांदा पाडू नको. ओढ. त्याचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जायचा. ताप असो, परीक्षा असो, सकाळ कधी चुकली नाही. पोरीसाठी त्याने स्वतःची झोप घालवली, पाठ घालवली. "माझ्या आवाजावर चालते ती," असं तो सगळ्यांना अभिमानाने सांगायचा. आता मध्ये समुद्र होता, आणि आवाज पोचत नव्हता.

जाहिराती संपल्या. पदकं दिली गेली. परक्या देशाचं राष्ट्रगीत वाजलं. सभागृहात कुणी टीव्हीचा आवाज कमी केला नाही आणि कुणी घरीही गेलं नाही. नवसाबाईचे ओठ हलत होते.

आणि मग फोन वाजला.

"काका, ती ठीक आहे," रोहितसर म्हणाले. "डॉक्टरांनी तपासलं. काळजीचं काही नाही."

मल्हारीला रडूच फुटलं. त्याने मान हलवून सगळ्यांना खूण केली. नवसाबाई तिथेच जमिनीवर डोकं टेकून बसली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"पण काका," सरांचा आवाज जरा खाली आला, "सुरक्षेच्या बोटीतल्या माणसाला पाण्यात उडी मारून तिला वर ओढावं लागलं. इतकं छान पोहते ती. स्वतःहून वर का आली नाही, मला कळत नाही. मी विचारलं तर म्हणते, पप्पांशी बोलते. देतो तिला."

"स्पीकरवर टाका!" सगळे ओरडले. मल्हारीने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. माणसं भोवती जमली.

"सृष्टे, घाबरू नको!" "पुढच्या वेळी सोनंच!" "कॉलनी तुझ्या पाठीशी आहे!" सगळे एकदम बोलत होते. मल्हारीने हात वर करून त्यांना थांबवलं आणि फोनवर वाकला.

"बाळा, वाऱ्याने घात केला ना? मी बघितलं. तुझा डावा खांदा पडला होता. काही हरकत नाही. तू ये, आपण परत धरणावर जाऊ. मी आहे ना."

त्याने फोनचा आवाज वाढवला.

"ऐकतेस ना?"

"पप्पा," सृष्टी म्हणाली. आवाज थकलेला होता, पण रडका नव्हता. "बोट वाऱ्यानेच उलटली. पण खाली गेल्यावर ना, एकदम सगळं गप्प झालं. कुणाचाच आवाज नाही. इतकं बरं वाटलं, पप्पा... मला वर यावंसंच वाटेना."