वारा सुटला तेव्हा

"ताई, रिमोट इकडे द्या!" परीक्षक ओरडले. तुरीच्या शेतावर फवारणी करणारा ड्रोन वाऱ्यानं भरकटून विजेच्या तारांकडे निघाला होता.

शालनताईंनी रिमोट घट्ट धरला. पंचेचाळिशीत कोयता खाली ठेवून त्या ड्रोन चालवायला शिकल्या होत्या. आज परीक्षेत नापास झाल्या, तर गावातल्या महिला बचत गटाला मिळालेला ड्रोन दुसऱ्या गावाला जाणार होता आणि त्या पुन्हा ऊसतोडीला.

"तारांना लागला तर शेत पेटेल!"

"साहेब, जरा गप राहा," त्या म्हणाल्या.

वाऱ्यात आपोआप तोल सांभाळणं ड्रोनला जमत नव्हतं. त्यांनी बटण दाबून सगळा ताबा स्वतःकडे घेतला. घाईनं ओढला असता, तर तो कोलमडला असता. म्हणून श्वास रोखून त्यांनी त्याला अलगद मागे घेतलं. तारांच्या हातभर अलीकडे ड्रोन थबकला, वळला आणि धुरळा उडवत बांधावर उतरला.

परीक्षकांनी कपाळावरचा घाम पुसला. "माझं ऐकलं नाहीत. त्याचे गुण कापणार."

"कापा. पण पास का नापास?"

"पास."

इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या शालनताई मटकन खाली बसल्या.