लाजराचं काम

"हात खाली. मेलेला माणूस काखा खाजवत नाही," तांत सिबेला, म्हणजे गावाची सिबेलाकाकू, म्हणाली आणि जुन्या चादरीची आणखी एक पट्टी नवऱ्याच्या पोटाभोवती करकचून आवळली.

ओकर्ट "हं" म्हणाला. लग्नात पाळकासमोर एकदा 'हो' म्हणाला होता, त्यानंतर त्याच्या तोंडून 'हं'च्या पुढे फारसं काही निघालंच नव्हतं. म्हणून तर तिनं त्याला लाजराचं काम दिलं. लाजर मरतो, थडग्यात पडून राहतो, प्रभूनं हाक मारली की उठून बाहेर येतो. बोलायचं काही नाही. असलं काम मेंढरालाही जमावं. पण तालमीत ओकर्ट थडग्यात गाढ झोपला. लाजराची बहीण मार्था रडत रडत म्हणाली, "चार दिवस झाले हो त्याला जाऊन," आणि थडगं घोरलं.

आज तसलं काही परवडणारं नव्हतं. मंडळीचे थोरले पंच ओम फ्लोरिस, म्हणजे गावाचे फ्लोरिसकाका, यांच्या मते चर्चच्या हॉलमध्ये खोट्या दाढ्या लावून फिरणं म्हणजे पाप. प्रभूचं सोंग तर त्यांनी केव्हाच बंद पाडलं होतं. तेव्हापासून प्रभूचा नुसता आवाज पडद्यामागून यायचा, तोही पाळकसाहेबांचा. सोमवारी पंचांची बैठक होती. आज हसं झालं, की नाटक कायमचं बंद. ठराव तयारच होता.

सिबेला लग्न होऊन दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या रखरखीत माळावरच्या या गावात आली तेव्हापासून हे नाटक बसवत होती. पोरं शहरात पांगली, दुष्काळात मेंढरं निम्मी झाली, गुडघे गेले. आपलं म्हणावं असं हे नाटक तेवढं उरलं होतं.

"फ्लोरिस येणार का गं?" तांत ड्रिनानं विचारलं. मार्था तीच होती, आणि आत्ता तिच्या तोंडात रस्क होता.

"येतोय कसला. घरी पडदे ओढून प्रार्थना करणार म्हणे. माझं नाटक पडावं म्हणूनच करत असेल."

"आज टीव्हीवर रग्बी पण आहे. निम्मे पुरुष गायब आहेत."

"माझा आहे. बांधून ठेवलाय."

बांधलेल्या पुरुषानं अंगणापलीकडच्या संडासाकडे हात केला.

"आत्ताच आठवलं का? जा. आणि माझ्या पट्ट्या विस्कटल्यास तर बघ."

गेला तो गेलाच. हॉल भरला, गीत सुरू झालं, तेव्हा कुठे अंगणातून पांढरी आकृती परत आली. आता तोंडही पुरतं गुंडाळलेलं होतं.

"तोंड तूच बांधलंस?"

मान हलली.

"बघ, मनावर घेतलं की जमतं." सिबेलानं त्याला लोकरीच्या पोत्यांना राखाडी रंग फासून केलेल्या थडग्यात ढकललं आणि स्वतः मागे स्टुलावर बसली. हातात स्वेटर विणायची सुई. गीत संपताच तिनं पोत्यातून पहिली सुई टोचली. आतून कोणीतरी दचकलं.

"जागा आहेस, बरं झालं," ती पुटपुटली. "आज नीट ऊठ. त्या फ्लोरिसचं नाक कापायचंय मला. काय ते तोंड, नुसतं बघितलं तरी कॉफीतलं दूध नासतं. बायको बिचारी लवकर गेली, सुटली."

आतून 'हं'सुद्धा आलं नाही. सिबेलाला समाधान वाटलं. मरणं कसं असतं ते शेवटी डोक्यात शिरलं म्हणायचं.

पुढे ड्रिना रडली, शेजारी जमले, दगड सरकला. मग पडद्यामागून पाळकसाहेबांचा आवाज घुमला, "लाजरा, बाहेर ये."

काहीच हललं नाही. सिबेलानं सुई उगारली.

तेवढ्यात अंधारातून एक हात बाहेर आला. थरथरत, उजेड चाचपत. मग तो उभा राहिला, अडखळला, एका गुडघ्यावर पडला, पुन्हा उठला आणि बांधलेला चेहरा त्यानं वर उजेडाकडे केला. तालमीत ओकर्ट बाहेर यायचा तो कुत्रं का भुंकतंय हे बघायला आल्यासारखा. हा माणूस मात्र मरणातून चालत आला होता.

हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मागच्या बाकावर एक दांडगा शेतकरी टोपीत तोंड घालून रडत होता. ड्रिना वाक्य विसरली आणि खरीच रडायला लागली. मग सगळी मंडळी, कोणी न सांगता, उठून उभी राहिली.

पडदा पडल्या पडल्या सिबेलानं त्याला हाताला धरून हॉलमागच्या स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. ड्रिना बाहेरून म्हणत होती, "तुझ्या नवऱ्याच्या अंगात एवढं आहे, कधी बोलली नाहीस."

"शिकवलंय कोणी?" सिबेलानं आतून ऐकवलं. इतकी वर्षं ताटाखालचं मांजर म्हणून वागवलं, आणि मांजरात वाघ निघाला. "चांगलं केलंस हो," ती हळूच म्हणाली. असं ती त्याला पूर्वी कधी म्हणाली असेल तर तिला आठवत नव्हतं. मग चवड्यांवर उभं राहून तिनं पट्टीवरूनच त्याच्या गालाचा मुका घेतला.

लाजर दगडासारखा ताठ झाला.

"लाजतोस काय या वयात," म्हणत तिनं तोंडावरची पट्टी उलगडायला घेतली. आधी पांढरी झुपकेदार मिशी बाहेर आली. ओकर्टला मिशी नव्हती.

मिशीवर घामेजलेलं नाक होतं, आणि त्यावर रडून लाल झालेले ओम फ्लोरिसांचे डोळे.



"माझा नवरा कुठाय?" सिबेलानं विचारलं.

"माझ्या घरी. टीव्हीसमोर." ओम फ्लोरिसांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "सोमवारचा ठराव मी मागे घेतो, सिबेला. पण पुढच्या वर्षी मला बोलायचं काम पाहिजे."