वापरातली खोली

"मावशी, खोक्यातले पाच-सहा टिश्यू काढा, चुरगळा आणि डब्यात टाका. खोली वापरात आहे असं दिसायला हवं," असं सांगून एचआरच्या मॅडम तपासणीला आलेल्या मंडळींचा चहा बघायला गेल्या.

सोजरबाई दारातच घुटमळली. दारावर नवी पाटी होती, 'मन मोकळं करा'. कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी घेणारी कंपनी म्हणून प्रमाणपत्र हवं, तर अशी खोली लागते म्हणे. दिवाळीपर्यंत इथे झाडू, फडकी असायची. लेक गेली तेव्हा ठेकेदाराने तीनच दिवस रजा दिली. चौथ्या दिवसापासून सोजरबाई इथेच पालथ्या बादलीवर बसायची आणि तोंडात पदर कोंबून रडून घ्यायची. मग बादली गेली, सोफा आला. ही खोली आता ठेक्यावरच्या बाईची नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तेव्हापासूनचं सगळं रडू तिने गिळलं होतं.

तिने पहिला टिश्यू ओढला. नुसता चुरगळायचा होता, पण हात डोळ्यांकडे गेला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळं उभ्यानेच, सोफ्याला तिने अंग लावलं नाही.

मॅडम परत आल्या तेव्हा ती पाठमोरी होऊन खिडकीची काच पुसत होती. मॅडमनी डब्यात डोकावून पाहिलं आणि त्या खूश झाल्या.

"अय्या, पाणीसुद्धा लावलंत! डोकं चालवलंत हं, मावशी."