पाच मणांची फटफटी

येसाजीचा डावा पाय फटफटीखाली होता आणि ओरडायची सोय नव्हती. ओरडलं तर रामचंद्र येणार. रामचंद्र, म्हणजे त्याचा मुलगा, शंभर पावलांवर वाडीत पोफळींना पाणी देत होता. सकाळीच, चहाची बशी हातात असताना, त्यानं बापाला बजावलं होतं, "आबा, आता एकदा जरी पडलात ना, तर फटफटी विकली म्हसळ्याच्या कंत्राटदाराला. मग माझ्या नावानं बोंब मारायची न्हाय."

आणि दुपार व्हायच्या आत पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या ओल्या विरीवरून चाक सटकलं! चार वर्षं लढाईत, डोक्यावर बॉम्ब पडत असताना फटफटीवरून निरोप पोचवले या माणसानं, आणि दिवेआगरात घरामागच्या पाणंदीत आडवा. एका अंगाला कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला वाडीच्या पाण्याचा पाट, मधे पाच मणांचं ते लष्करी लिलावातलं धूड आणि त्याच्याखाली येसाजीचा घोटा. इंजिनाची धग पोटरीला लागत होती. त्यानं तिसऱ्यांदा जोर लावला, गाडीला शिवी हासडली आणि लगेच तिच्या टाकीवर हात ठेवला. ही गेली तर उरलं काय? ओटी, तंबाखू आणि सुनेनं वाढलेलं ताट.

पाणंदीच्या वळणावर पेंढ्याचा भारा दिसला. भाऱ्याखाली काशी होती, रामचंद्राची बायको.

तिनं भारा टाकला, धावत आली आणि चार हातांवर थबकली. पदर पुढं ओढला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण सासऱ्याशी ती कधी तोंडानं बोललेली नव्हती. त्याला हात लावणं तर दूरच. घरंदाज सुनेची रीत. आता घ्या! रीतीनं कुणाचा घोटा सुटतो होय?

"ह्यांना हाक मारू काय?" काशीनं गडग्याला विचारलं.

"नको!" येसाजी पाटाला म्हणाला. "रामूला कळलं तर गाडी जाईल."

काशीनं पदर दातांत धरला आणि दोन्ही हातांनी हँडल ओढलं. गाडी वीतभर उठली आणि परत बसली. येसाजीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"हातानं न्हाय उठायची ती," तो कण्हला. "पलटणीत शिकवलेलं. गाडीकडं पाठ करायची, खाली बसायचं, आन्..."

पुढचा शब्द पलटणीत तो दिवसातून वीस वेळा ऐकायचा. सुनेपुढं जिभेवर येईना.

"आन् काय?" काशीनं गडग्याला विचारलं.

येसाजीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"ज्यावर माणूस बसतो ते सीटला लावायचं!" तो डोळे मिटून ओरडला. "आन् पायानं रेटायचं!"

काशी पदराआड हसली असेलही. मग वळली, सीटला टेकून उकिडवी बसली आणि पावलं गडग्याच्या पायथ्याला रोवली. जागा अशी अरुंद, की तिच्या लुगड्याचा काठ सासऱ्याच्या खांद्याला घासत होता. लाजेनं दोघांचाही जीव अर्धा झाला.

"माझ्या बाळंतपणात डाक्तर याच गाडीवरनं आला," ती दात आवळून गडग्याला म्हणाली, "न्हायतर आज मी कुठली..." आणि तिनं रेटलं.

गाडी कुरकुरली, उठली, चाकांवर आली. येसाजीनं पाय ओढून घेतला. कातडं सोललं होतं, हाड शाबूत होतं. गडग्याला धरून तो उभा राहिला आणि हँडल पकडलं. गाडी पाटाकडं झुकत होती, तो ओढून धरत होता, आणि त्याला लहान पोरासारखं हसू येत होतं.

पण त्याची ती आरोळी वाडीपर्यंत गेलीच होती. खांद्यावर फावडं घेऊन रामचंद्र पाणंदीत शिरला.

"पडलात ना, आबा?"

येसाजीनं सोललेला पाय गाडीआड घेतला.

"न्हाय पडले," काशी नवऱ्याला हळूच म्हणाली. "गाडी उभी होती. माझ्या भाऱ्याचा धक्का लागला. मी पाडली."

"आन् त्यांच्या पायाला?"

"उचलताना लागलं."

रामचंद्रानं फावडं आपटलं. "डोळे काय चुलीत घातलेस? आबांचा पाय मोडला असता! उद्या भावाच्या लग्नाला नटून जायचंय न्हवं? आता बस घरात. न्हाय जायचं."

काशीचा एकुलता एक भाऊ होता तो. ती खाली वाकली आणि सांडलेला पेंढा गोळा करू लागली, एकेक काडी.

येसाजीनं हँडल घट्ट धरलं होतं. गाडी वाचली होती. रविवारी तिच्यावर बसून श्रीवर्धनला जाता आलं असतं, मनात आलं तर हरिहरेश्वरापर्यंत. गप्प राहायचं, एवढंच काम होतं. त्यानं गप्प राहून पाहिलं. जमेना.

"रामू," तो म्हणाला, "ती खोटं बोलतेय."

"मग कुणी पाडली?"

"मी," येसाजी म्हणाला. "अशी."

आणि त्यानं दोन्ही हात सोडले.